लाइट जाण्याची आगोट

मृग जवळ आला की कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची घाई उडते. तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा. तुम्ही आता सुधारलात, तेव्हा याच दिवसांत लाइट जाण्याची तयारीही उरकून घ्या. हयगय केलीत तर ऐन वेळी घरात एखादी वस्तू विजेशिवाय चालायची आणि चारचौघांत शोभा व्हायची.

विहिरीवरचा रहाट तुम्ही भंगारात घातलाच असेल. पण खोपीत दोर आणि कळशी राहिलीय का, ते बघा. पाटा पायरीशी उभा करून त्यावर घराचं नाव रंगवा. वरवंटा दाराला अडसर म्हणून छान. पडवीतल्या कंदिलात बल्ब बसवून घ्या, रॉकेल नाहीतरी कुठे मिळतंय?

मग मासे. 1 जूनला मासेमारी बंद होते. सुकटीचा वास मुंबईच्या पाहुण्यांना सोसत नाही, म्हणून मेअखेरीला फ्रीझर सुरमईने गच्च भरा. असा भरलेला फ्रीझर दार न उघडता ठेवला तर दोनेक दिवस तग धरतो. म्हणून दर अर्ध्या तासाने उघडून बोटाने दाबून बघत चला.

इन्व्हर्टर हवाच. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. एक पंखा आणि दोन दिवे त्यावर आख्खी रात्र काढतील. पण एवढ्याशा गोष्टीसाठी का कोणी इतके पैसे घालतं? टीव्ही, वायफाय आणि मिक्सरही त्याच लाइनवर घ्या. बॅटरीतलं पाणी उतरलं की वरच्या काड्या खाली जातात. त्या बघून उगाच जीव घाबरतो, तेव्हा बॅटरीवर भरतकामाचा रुमाल अंथरा.

तयारीतलं सगळ्यात अवघड काम विसरण्याचं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे नारळी-पोफळी तारांवर कोसळल्या, खांब आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मोबाइलचे टॉवरही मुके. आमच्या आळीत एकाच्या माळ्यावरून आजीचा कंदील निघाला, वात शाबूत, काच मात्र काळीकुट्ट. काच पुसायला राख हवी म्हणून पोरगं घरोघर फिरलं. सोळा घरांत एक चूल सापडली नाही. शेवटी कोणीतरी अगरबत्तीची राख चिमूटभर दिली. हे असलं काही लक्षात ठेवू नका, नाहीतर चूल घालायची बुद्धी व्हायची.

मोबाइलमध्ये ‘वायरमन’, ‘वायरमन नवा’ आणि ‘वायरमन नवा 2’ असे तीन नंबर असू द्या. पहिल्याची बदली झालीय, दुसरा उचलत नाही, तिसरा ‘फॉल्ट शोधतोय’ म्हणतो. एकदा त्याच्या मागे कोंबडा आरवताना ऐकू आला, पण फॉल्ट कोंबड्यापाशीही असू शकतो. तेवढ्यात तुमची बॅटरी दोन टक्क्यांवर येईल. तक्रार ऑनलाइन नोंदवायची ती याच वेळी.

लाइट रात्री अडीचला येईल. तुम्ही बटणं बंद केलेली नसणारच. पंप सुरू होईल, टीव्हीवर बातम्या ओरडतील, मिक्सरमध्ये परवाची अर्धवट चटणी फिरू लागेल. उठा, पंप तेवढा बंद करा, आणि कंदिलातला बल्ब लागतोय का बघा.