गुडघ्यातल्या जेलच्या इंजेक्शनबद्दल खुलासा

आपल्या इकडं व्हॉट्सॲपवर मेसेज फिरून राहिला की जेलचं एक इंजेक्शन घेतलं की गुडघ्याची घासलेली गादी परत भरते अन् ऑपरेशनची गरजच राहत नाही. हे खरं नाही. त्यात हायल्युरोनिक ॲसिड असते, ते सांध्याच्या वंगणात मुळातच असते, पहिले कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जिवाणूंपासूनही बनवतात, पण त्यानं झिजलेली गादी नवीन येते असं सिद्ध झालेलं नाही. २०२२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या तर औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा दुखण्यातला फरक इतका लहान निघाला की पेशंटला त्याचा खास उपयोग नाही, अन् गंभीर त्रास उलट जास्त. अमेरिकेतल्या हाडाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं सरसकट वापरू नका, ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यायचे हे सांगणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेनं २०२२ मध्ये देऊच नका म्हटलं.

काहींना बरं वाटते, ते खोटं बोलत नाहीत, हे दुखणं तसंही कमीजास्त होत राहते. पण कापूस विकून आलेले पैसे माय-बापाच्या गुडघ्यासाठी अशा खोट्या आशेवर जातात याचं मले लय वाईट वाटते. खुर्चीवर बसून पाय सरळ करून धरायचा, मांडी मजबूत करायची, वजन जास्त असलं तर उतरवायचं, हे फुकट हाये अन् डॉक्टरांच्या मोठ्या संस्था यालाच पहिला उपाय मानतात. अन् कोणतंही इंजेक्शन घेतल्यावर गुडघा लाल झाला, सुजला, ताप आला तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.