'स्लॅबला इस्त्री केली' या तक्रारीबद्दल

नमस्कार. कोथरूडच्या तुमच्या सोसायटीच्या कामाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, 'मशीन आणून स्लॅबला इस्त्री केली, पैसे घेतले, पण काँक्रीटची ताकद किती ते सांगितलंच नाही. रिपोर्टही नऊ दिवस उशिरा.'

उशीर झाला, त्यावर सबब सांगत नाही. आणखी एक चूक मीच सांगतो. कोटेशनवर आम्ही नुसतं 'काँक्रीट तपासणी' लिहिलं. ताकदीचा आकडा मिळेल असं त्यावरून कुणालाही वाटेल.

पण तो आकडा मी त्या मशीनमधून काढून दिला असता, तर थाप मारल्यासारखं झालं असतं. तुमची ती इस्त्री म्हणजे रडार. ते मायक्रोवेव्ह लहरी आत सोडतं. सळई लागली की त्या जोरात परत येतात, ओल लागली की मंदावतात आणि विरतात. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो जितका जास्त, तितक्या लहरी मंद) ८० च्या आसपास, कोरड्या काँक्रीटचा जेमतेम ५-६. भर जुलैत भिजलेल्या गच्चीवर मशीनला पाणीच आधी दिसणार. ते कुठे मुरलंय आणि सळया किती खोल आहेत, हे कळलं. एम-१५ की एम-२०, म्हणजे काँक्रीट किती ताकदीचं, हे त्यातून कळत नाही.

'हॅमरवाला निम्म्या पैशात सांगतो,' असंही तुम्ही म्हणता. हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजायचं यंत्र, आमच्याकडेही आहे. ओल्या पृष्ठभागावर तो कमी दाखवतो, जुन्या कार्बोनेशन झालेल्यावर (म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर कडक झालेल्यावर) जास्त; ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, असं आयएस कोडच (भारतीय मानकच) सांगतं. तुमच्या स्लॅबला दोन्ही लागू.

पाण्याच्या टाकीखाली खडूने चौकोन आखला होता, आठवतं? तिथला गिलावा तुमच्यासमोरच फोडला. सळईवरचा गंज पापुद्र्यासारखा हातात आला. बाकी छत वरून तितकंच रंगवलेलं, गुळगुळीत. इस्त्री फिरवली नसती तर नेमकं तिथेच कोण फोडणार होतं?

ताकदीसाठी कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेल्या गोल कांड्या, काढाव्या लागतील, आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन. लॅबचा खर्च सोसायटीचा. सळया चुकवून जागा आखून द्यायला मी स्वतः येईन, त्याचे पैसे नाहीत. फक्त पाऊस थांबल्यावर ठरवू, आणि लिफ्ट चालू आहे ना ते आदल्या दिवशी कळवा. मागच्या वेळी मुलांनी मशीन पाच मजले खांद्यावर नेलं होतं.