वेलनेस सेंटरचं दार कुठे उघडतं?

कॉलेजच्या आवारात आरोग्य केंद्र बांधायचं ठरलं की पहिल्या बैठकीतला निम्मा वेळ जिमच्या काचेवर जातो. काच रस्त्याकडे हवी की मैदानाकडे, ट्रेडमिल बाहेरून दिसायला हवेत का, नावाची अक्षरं केवढी. नकाशे घेऊन मी अशा बैठकांना बसते, म्हणून सांगते. ध्यानकक्षाच्या रंगावरून तर हमरीतुमरी होते. पण समुपदेशकाच्या खोलीतून रडून बाहेर पडलेली मुलगी कुठल्या दाराने जाईल, हे आजवर कुणी आपणहून विचारलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही इमारत ज्याचा तिकडे पाय वळत नाही त्याच्यासाठी आखायला हवी. जिमवाला येणारच आहे. पत्र्याच्या शेडमध्ये वजनं ठेवलीत तरी येईल. प्रश्न त्या मुलाचा आहे, जो दारापर्यंत येतो आणि "जाऊ दे, उद्या बघू" म्हणत परत फिरतो. परत फिरायला त्याला काहीही पुरतं. वर्गातलं कुणी दिसलं, रांग दिसली, 'मानसिक आरोग्य समुपदेशन कक्ष' अशी बाण काढलेली ठळक पाटी दिसली. यातली बरीचशी निमित्तं नकाशावर पेन्सिल चालते आहे तोवर पुसून टाकता येतात.

आता दाराचंच बघा. एक तर ते अगदी दर्शनी भागात असतं, म्हणजे आत जाणारा सगळ्या कॉलेजला दिसतो. नाहीतर पार्किंगच्या मागे, जिथे संध्याकाळी सातनंतर एकटं जायला कुणीही कचरेल. मधला मार्ग आहे आणि तो सोपा आहे. दवाखाना, फिजिओथेरपी, जिम, समुपदेशन, सगळ्यांना बाहेरून एकच दार. आत गेलेला माणूस मुरगळलेला पाय दाखवायला गेला की मनातलं बोलायला, हे बाहेरच्याला कळायचं कारणच नाही. गंमत म्हणजे हे काही नवीन नाही. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजने १८६१ साली एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरकडे आरोग्यशास्त्र आणि व्यायाम हे दोन्ही विषय एकत्रच सोपवले होते. तेव्हा माझा राग जिमवर नाही. जिम असावीच, आणि तिच्या आडोशाने बाकीच्यांना आत शिरता यावं. फक्त समुपदेशनाच्या भागाला बाहेर पडायला दुसरी वाट हवी, म्हणजे सुजलेल्या डोळ्यांनी पुन्हा वेटिंग हॉलमधून जावं लागणार नाही.

(फिजिओथेरपी दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट 'पुढच्या टप्प्यात', असेही नकाशे मी पाहिलेत. प्लास्टरमधला पाय घेऊन दोन जिने चढू शकला तर त्याला फिजिओथेरपी कशाला हवी? रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढण्यापेक्षा, खडा नको आणि व्हीलचेअर वळायला दीड मीटरचं वर्तुळ मोकळं हवं, हे आता तरी वेगळं सांगावं लागू नये.)

मग येते भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. फॉल्स सीलिंगच्या इमारतीत तर भिंत वर पोचतच नाही. पार्टिशन छताच्या पांढऱ्या फरशांपर्यंत येऊन थांबतं. वर हातभर पोकळी, आणि ती सगळ्या खोल्यांवर सलग. एका खोलीतलं बोलणं वर जातं आणि पलीकडच्या खोलीत उतरतं. खाली बसलेल्याला भिंत दिसते, म्हणून तो विश्वासाने बोलतो. भिंत किती आवाज अडवते हे मोजायला एसटीसी नावाचा आकडा आहे. ३०च्या भिंतीतून मोठ्याने बोललेलं बऱ्यापैकी समजतं. ५०ला पोचलं की मोठा आवाजही पुसट होतो. समुपदेशन कक्षाला ५०च्या खाली जाऊ नये असं माझं मत. त्यासाठी पार्टिशन थेट स्लॅबला भिडवायचं, मध्ये आवाज शोषणारी रॉकवूल भरायची, दार भरीव घ्यायचं आणि त्याखालची फट सीलने बंद करायची. एसीची हवा नेणारा एकच डक्ट दोन खोल्यांतून सरळ नेला तर आवाज त्यातूनच जातो आणि वरचं सगळं पाण्यात. हा खर्च उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही, म्हणून बजेट आवळताना पहिली कात्री याच ओळीला लागते.

रिसेप्शनवरही तेच. काउंटरमागचा माणूस स्वभावाने चांगला असतो, पण मागे सहा जण उभे असताना "काय होतंय?" विचारतो. पोरगं म्हणतं, "डोकं दुखतंय." डोकं दुखत नसतंच. गोळी घेऊन जातं, पुन्हा येत नाही. रांग काउंटरपासून चार पावलं मागे थांबेल अशी जागा सोडा आणि कारण तोंडी विचारण्याऐवजी लिहून घ्या.

वेटिंगमधल्या खुर्च्या समोरासमोर मांडू नका, खिडकीकडे तोंड करून मांडा. संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४चा अभ्यास आर्किटेक्ट मंडळींना पाठ असतो. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. तो अभ्यास हॉस्पिटलच्या खाटेवरच्या रुग्णांचा आहे. त्याच्या जोरावर कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड ठेवून नैराश्यावर उपाय केल्याचं समाधान मानू नये. पण खिडकी द्यायचीच आहे, तर ती पार्किंगकडे कशाला?

खोल्या किती हव्यात, हा प्रश्न माणसांपासून सुटतो, चौरस फुटांपासून नाही. समुपदेशन केंद्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक धरत आलेत. म्हणजे ६००० विद्यार्थ्यांना चार ते सहा समुपदेशक आणि तेवढ्याच बंद दाराच्या खोल्या. प्रत्यक्षात प्लॅनवर एक खोली आणि शेजारी शंभर माणसांचा योग हॉल. आधी कळस मग पाया! मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश वयाच्या २४च्या आत सुरू झालेले असतात, म्हणजे कॉलेजची वर्षं नेमकी त्या काळातली. वर याच वयात झोपेचं चक्र आयुष्यात सगळ्यात उशिराचं असतं. आपण केंद्र मात्र नऊ ते पाच उघडं ठेवतो. रात्रीचा समुपदेशक परवडत नसेल, समजू शकते. पण पुढचा भाग वेगळं कुलूप लावता येईल असा काढला, तर बसायची जागा, टॉयलेट आणि हेल्पलाइनला जोडलेला फोन एवढं रात्रीही सुरू राहतं. त्यासाठी जास्तीचं एक दार आणि एक रखवालदार पुरतो.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. लशींचा फ्रिज २ ते ८ अंशांवर राहायला हवा, म्हणून तो बॅकअपच्या लाइनवर. संसर्गाच्या रुग्णाला वेगळी खोली, तिला स्वतःचं टॉयलेट, आणि तिथली हवा थेट बाहेर. आणि एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कृपा करून डॉक्टरांच्या कपाटात ठेवू नका. हृदय बंद पडल्यावर झटक्याला होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. माणूस कोसळतो मैदानावर, संध्याकाळी, आणि किल्ली घरी गेलेली असते.

२०१५च्या ओकानागन सनदेत, म्हणजे विद्यापीठांमधल्या आरोग्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, म्हटलंय की आरोग्य हे विद्यापीठाच्या सगळ्या कारभारात मुरलेलं असावं. वाचणारे त्याचा अर्थ 'एक वेलनेस बिल्डिंग' असा लावतात. हॉस्टेलच्या वाटेवरचे दिवे, मुलींची स्वच्छ टॉयलेट, लायब्ररीतलं पिण्याचं पाणी हे त्यात कुणी धरत नाही.

"पण सर्व्हेत मुलांनी जिमच मागितली," हे नेहमीचं उत्तर. मागणारच! चारचौघांत हात वर करून 'मला मागचं दार हवं' असं कोण म्हणेल? जे केंद्रात कधीच आले नाहीत त्यांना नाव न घेता विचारा. मोकळ्या हॉलमध्ये खडूने प्लॅन खऱ्या मापात आखा आणि दोन-चार पोरांना त्यात चालायला लावा. कोण कुणाला दिसतं ते लगेच कळतं. भिंती उभ्या राहिल्या, दारं बसली की एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात पेपर वाचावा, दुसऱ्याने बाहेर उभं राहून ऐकावं. बाहेरच्याला बातमी कळली तर भिंत पास नाही. हे फॉल्स सीलिंग लागायच्या आधी आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी करा. नंतर कंत्राटदार फोन उचलत नाही.