‘गिफ्ट’ म्हणजे मुळात विष नव्हे

एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो: ‘गिफ्ट’चा मूळ जर्मन अर्थ विष, इंग्रजांनी तोच शब्द उचलून भेटवस्तूला चिकटवला, आणि स्वीडिशमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विषही आणि विवाहितही, कारण लग्न हे विषच असते हे त्या लोकांनी ओळखले होते. जर्मन आणि स्वीडिश शब्दांचे आजचे अर्थ त्यात बरोबर दिले आहेत. त्यांवरून रचलेली कथा मात्र चुकीची आहे.

मूळ अर्थ विष, हे पहिले विधान. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ ज्या ‘देणे’ या अर्थाच्या धातूपासून आले, त्याच धातूपासून हा शब्द झाला आणि जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ दान, दिलेली वस्तू असाच होता. आजही जर्मनमध्ये हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात. तो शब्द जुन्या अर्थासह स्त्रीलिंगी राहिला. विषवाचक ‘गिफ्ट’ आज नपुंसकलिंगी आहे. विषाचा अर्थ आला तो ग्रीक ‘दोसिस’च्या अनुकरणाने. त्याचाही अर्थ ‘देणे’. वैद्यांच्या तोंडी तो औषधाच्या मात्रेला लागला, लॅटिनमध्ये गेला आणि त्याच वळणाने जर्मन ‘गिफ्ट’ आधी मात्रा, मग घातक मात्रा झाला. (आपला ‘डोस’ तो हाच, ग्रीक धातू संस्कृत ‘दा’चा सगोत्र असल्याने ‘डोस’ आणि ‘देणे’ हे दूरचे भाऊबंद ठरतात.) मराठीतही ‘त्याला कोणीतरी काहीतरी दिले’ एवढे दबक्या आवाजात म्हटले, की विषाचे नाव घ्यावे लागत नाही.

इंग्रजांनी तो जर्मनांकडून उचलला, हे दुसरे विधान तर टिकतच नाही. प्राचीन इंग्रजीत हा शब्द ‘य’च्या उच्चाराने होताच, त्याचा अर्थ वधूमूल्य आणि अनेकवचनात विवाह. आजचा ‘ग’ आणि भेटीचा अर्थ आला तो इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून. डचमध्येही ‘गिफ्ट’ म्हणजे देणगी. विषाला तेथे शेवटचा ‘ट’ गाळून ‘गिफ’ म्हणतात.

राहिले लग्न. स्वीडिशमध्ये ‘यिफ्त’ असा उच्चार असलेल्या या शब्दाचा विवाहविषयक अर्थ ‘दिलेली’ यावरून आला; विषाचा अर्थ नंतर उत्तर जर्मनीच्या व्यापारी भाषेतून येऊन शेजारी बसला. या दोन अर्थांचे नाते एका धातूपुरतेच आहे. स्वीडनच्या 1734 च्या कायद्यातील विवाहाच्या प्रकरणाच्या नावातही हाच शब्द आहे आणि त्यात विनोद शोधण्यासारखे काही नाही. ‘मुलगी कोठे दिली?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाने तरी या शब्दाला हसू नये. फरक इतकाच, की आजचा स्वीडिश नवराही स्वतःविषयी तोच शब्द वापरतो, म्हणजे मुळाकडे पाहिले तर तोही ‘दिलेला’च.