स्थळ अमेरिकेतलं, चौकशी काउंटीतली

मुलीला अमेरिकेतलं स्थळ सांगून आलं की पूर्वी लोक देव पाण्यात ठेवायचे. आता न्यू जर्सीतल्या मामाला कामाला लावतात. "छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळलेत. तेवढं त्याचं क्रिमिनल रेकॉर्ड बघून ठेव रे, तिकडे म्हणे सगळं ऑनलाइन असतं." पुण्यात सकाळचे सात वाजलेले असतात, म्हणजे एडिसनला रात्रीचे साडेनऊ. सख्ख्या, चुलत, मावस अशा सगळ्या बहिणींच्या मुलींसाठी मी हे काम केलंय. आता भाच्या संपत आल्या. ही विद्या माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून लिहून ठेवतो.

सुरुवातीलाच मुलगा नेमका कुठे राहतो हे विचारून लोकांना त्रास देऊ नका. "अमेरिकेत" एवढं पुरे. देशभरच्या गुन्ह्यांची एकत्रित नोंद एफबीआयकडे असते, पण ती मुलीच्या मामांसाठी ठेवलेली नाही. आपल्या वाट्याला येतात त्या काउंट्या, म्हणजे ढोबळमानाने आपले जिल्हे. त्या ३ हजारांहून जास्त आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४. मुलगा डेलावेअरचा निघाला तर नशीब काढलंत, तिथे तीनच आहेत, चहा निवायच्या आत काम होतं. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "पॅरिसला कधी गेला होता तो? बायोडेटात नाही लिहिलेलं."

त्यातून केस मुलगा राहतो तिथे नसते, उद्योग केला तिथे असते. एमएस टेक्सासला, पहिली नोकरी शिकागोला, आता सिअ‍ॅटलला आणि मधे मित्रांबरोबर एकदा लास वेगास, अशा मुलाच्या किमान चार काउंट्या झाल्या. शिकागोची कुक, सिअ‍ॅटलची किंग, वेगासची क्लार्क. 'कुक' ऐकून ताईला बरं वाटलं, मुलाला स्वयंपाक येत असावा. तुम्ही मात्र वेगासपासून सुरुवात करा.

आता कोर्ट निवडायचं. जिल्हा म्हणजे डिस्ट्रिक्ट हे आपण शाळेतच शिकलोय, तेव्हा बेधडक 'यूएस डिस्ट्रिक्ट कोर्ट' उघडा. ते केंद्राचं कोर्ट असतं आणि काउंटीच्या केसेस तिथे नसतात. पण पानाला १० सेंट देऊन शोधल्याचं समाधान मिळतं. तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही पैसे माफ. टेक्सासमध्ये मात्र राज्याच्याच कोर्टाला डिस्ट्रिक्ट कोर्ट म्हणतात आणि काउंटीचे मोठे गुन्हे तिथेच चालतात. गोंधळ वाटला तर वाटू द्या, तो त्यांच्या घटनेतच आहे.

न्यूयॉर्कच्या मुलाबद्दल काही सापडलं तर पुण्याला कळवण्याआधी ताईला खुर्चीत बसवा. तिथे काउंटीतला साधा खटला चालतो त्या कोर्टाचं नाव 'सुप्रीम कोर्ट' आहे. सर्वांत वरच्या कोर्टाला 'कोर्ट ऑफ अपील्स' म्हणतात. मी नुसतं "सुप्रीम कोर्टात एक नाव दिसतंय" म्हणालो आणि भाऊजींनी बीपीची गोळी मागवली. शिवाय खटल्याचं शीर्षक असतं 'न्यूयॉर्क राज्याची जनता विरुद्ध अमुक'. म्हणजे अख्खी जनताच मुलाच्या विरोधात! पेनसिल्व्हेनियात तेच 'कॉमनवेल्थ विरुद्ध अमुक' असं लिहितात. ते वाचून भाऊजींनी विचारलं, "कुठला खेळ खेळतो?"

मग नाव टाकायचं. इथे आपल्या संस्कृतीची खरी मदत होते. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येतं ते एकदा कागदावर मांडून बघा. आईवडिलांनी एका तऱ्हेने लिहिलं, पासपोर्टवाल्याने दुसऱ्या, आणि त्याला अडवणाऱ्या पोलिसाने रात्री अकराला, पावसात, तिसऱ्या. वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी नुसतं आद्याक्षर उरतं, तर कधी थेट आडनावाच्या जागी जाऊन बसतं. पाटीलचं पटेल व्हायला एक कळ पुरते, आणि न्यू जर्सीत पटेल शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत जोशी शोधणं. जोशीही सोपे नाहीत म्हणा, निम्मे गुजराती निघतात. पण असल्या बारकाव्यात शिरू नका. नाव जुळलं की माणूस जुळला. जन्मतारीख ताडून बघणं हा मुलाकडच्यांचा अपमान आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या एका अपील कोर्टानेही तुमचीच बाजू घेतली आहे. कोर्टाच्या संगणकावरच्या गुन्हे-सूचीत जन्मतारीख टाकून शोध घेऊ देऊ नये, असा निकाल त्याने २०२१ मध्ये दिला. तिथे एकाच नावाचे दहा जण समोर आले तर तुमचा कुठला, हे कोर्ट सांगणार नाही. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना विचारा.

कॅलिफोर्नियात आणखी एक सोय आहे. फौजदारी खटल्याची कागदपत्रं जनतेसाठी खुली आहेत, पण सहसा घरबसल्या नाही. कोर्टात जायचं, रांगेत उभं राहायचं आणि तिथल्याच संगणकावर बघायचं. न्यूयॉर्कमध्ये राज्यभरचा नावाचा शोध ९५ डॉलरला पडतो. फुकटचं संकेतस्थळही आहे, पण त्यावर पुढची तारीख लागलेल्या केसेसच दिसतात. निकाल लागला की नाव गायब, म्हणजे गुन्हा सिद्ध झालेला मुलगा तिथे अगदी स्वच्छ. विस्कॉन्सिनने मात्र १९९९ पासून सगळं फुकट आणि उघडं ठेवलंय. तिथे मुलाच्या घरमालकाने त्याच्यावर भाड्यासाठी केलेला दावासुद्धा दिसतो.

आमच्या न्यू जर्सीत गुन्ह्यांनाच डिग्र्या असतात. फर्स्ट डिग्री सर्वांत वाईट, फोर्थ सर्वांत सौम्य. आपल्याकडच्या मार्कांच्या हिशेबाने वाचू नका, एकदा घोळ झालाय. त्याहून किरकोळ प्रकाराला 'डिसऑर्डरली पर्सन्स' म्हणतात, उदाहरणार्थ दुकानातून २०० डॉलरच्या आतलं काहीतरी पैसे न देता उचलणं. ताईने याचा अर्थ लावला, "अव्यवस्थित आहे होय? होईल लग्नानंतर नीट." असली प्रकरणं गावच्या म्युनिसिपल कोर्टात चालतात. काउंटीच्या यादीत ती शोधत बसलात तर मुलगा धुतल्या तांदळासारखा दिसेल.

समजा, नाव सापडलं. आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पहिली ओळ वाचा आणि तिथेच थांबा. पहिल्या ओळीत आरोप असतो. तसंच खाली खाली जात राहिलात तर अगदी तळाशी 'डिस्पोझिशन' नावाचा एक रकाना लागतो आणि त्यात त्या आरोपाचं पुढे काय झालं ते लिहिलेलं असतं. डिसमिस्ड, म्हणजे केस काढून टाकली. नोले प्रोसेक्वाय, म्हणजे सरकारी वकिलानेच माघार घेतली. नॉट गिल्टी, म्हणजे निर्दोष. असले शब्द वाचून चौकशीतली सगळी मजा जाते. बहिणीला फोन करून "काही नाही गं" असं सांगण्यासाठी कोणी रात्री साडेबारापर्यंत जागतं का?

उदाहरण देतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. सज्जन, मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मोदकांची जबाबदारी त्यांच्याकडे. २०१९ साली फ्लोरिडाला जाताना व्हर्जिनियातल्या एका काउंटीत, रिकाम्या हायवेवर, त्यांची गाडी ताशी ८४ मैलांनी धावत होती. मर्यादा ७० ची. मागच्या सीटवर बायको डब्यातले दशमीचे तुकडे चटणीला लावून पुढे देत होती. आता ८४ मैल म्हणजे साधारण १३५ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर इतक्या वेगाने जाणाऱ्याला मागचे हॉर्न मारतात. पण व्हर्जिनियात तेव्हा ८० च्या वर गेलात की ते नुसतं वेगमर्यादा ओलांडणं राहत नसे, 'रेकलेस ड्रायव्हिंग' होई. हा रीतसर फौजदारी गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत तुरुंग आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पुढच्याच वर्षी, १ जुलै २०२० पासून, ती मर्यादा त्यांनी ८५ वर नेली. एक मैल, वाचकहो! गृहस्थांनी वकील केला, शनिवारी ड्रायव्हिंगचा वर्ग केला, केस डिसमिस झाली. पण संकेतस्थळावर आजही त्यांच्या नावापुढे 'मिसडिमीनर', म्हणजे कमी गंभीर गुन्हा, हा शब्द दिसतो, आणि डिसमिस्ड हा शब्द पार खाली. त्या गृहस्थांची बाजू मी जरा जास्तच तपशिलात मांडली, क्षमस्व.

एवढं करूनही वेळ उरला तर पैसे घेऊन माणसं शोधून देणाऱ्या साइट्स आहेतच. नाव टाकलं की एक पट्टी हळूहळू भरत जाते, मधे लाल अक्षरांत "धक्कादायक माहिती सापडण्याची शक्यता" असं येतं, आणि पट्टी भरली की कार्डाचा नंबर मागतात. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही माहिती नोकरी, कर्ज, विमा किंवा भाड्याच्या घरासाठी माणूस पारखायला वापरू नये. कायदा १९७० चा आहे. लग्नाचं नाव त्यात नाही, वास्तविक त्या चारही गोष्टी लग्नाच्या चौकशीत पहिल्याच बैठकीत होतात. २००५ चा आणखी एक कायदा आहे. परदेशी मुलीशी लग्न जुळवून देणाऱ्या दलालांनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा गुन्हेगारी इतिहास तपासून मुलीला आधी दाखवायचा. त्यातून धार्मिक-सांस्कृतिक स्वरूपाच्या, विना नफा चालणाऱ्या पारंपरिक मंडळांना सूट दिली आहे. आपल्या वधूवर सूचक मंडळांची कीर्ती वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली असावी.

एका स्थळाच्या वेळी मात्र मला गंमत करता आली नव्हती. सात काउंट्या पाहिल्या, मुलाच्या नावावर पार्किंगचं तिकीटसुद्धा नव्हतं. मी तसं कळवलं आणि साखरपुड्याची तारीख निघाली. त्याची पहिली बायको होती. घटस्फोट चालू होता, फॅमिली कोर्टात, त्याच इमारतीत दोन मजले वर. मी फौजदारीच्या यादीत शोधत होतो, कारण मला फौजदारीत शोधायला सांगितलं होतं. ते कळलं कोणाकडून, तर त्याच्या अपार्टमेंटमध्ये पोळ्या करून देणाऱ्या बाईंकडून. त्या बाईंचा नंबर मी जपून ठेवलाय. तो मात्र कोणाला देणार नाही.

तर ताईच्या मुलीसाठी परवा सिअ‍ॅटलच्या स्थळाची चारही काउंट्यांची चौकशी पूर्ण केली. मुलगा स्वच्छ निघाला, अगदी वेगासलासुद्धा. मी मोठ्या ऐटीत फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"त्यांचा निरोप आलाय," ताई म्हणाली. "मुलगी पसंत आहे. पण बायोडेटात आपण मामेकुळ लिहितो ना, त्यावरून मुलाच्या काकांनीही काहीतरी शोधलंय. विचारत होते, मुलीचे मामा व्हर्जिनियात नेमकं काय करून बसलेत?"

"ताई, खालची ओळ वाचायला सांग त्यांना. सगळ्यात खालची."

"त्यांनी पहिल्याच ओळीचा फोटो पाठवलाय," ताई म्हणाली.