बादलीत किती बुचं?

सुहासचं म्हणणं सरळ होतं: जंतूंना आता काही लागतच नाही, मग महागडं केमिकल घ्यायचं कशाला? तो हाउसकीपिंगची कंत्राटं घेतो, लोअर परळपासून अंधेरीपर्यंत. ऑफिसं जास्त, मधेच एखादा दवाखाना. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या त्याने फोनवरची बातमी वाचून दाखवली की बॅक्टेरिया जंतुनाशक पेशीबाहेर पंप करून टाकतात. "बघा! आपण ओततोय, ते उपसतायत. म्हणजे बीकेसी वापरा नाहीतर नळाचं पाणी, सारखंच."

(हे बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स नव्हे. बेन्झाल्कोनियम क्लोराइड, लादी पुसायचं जंतुनाशक. ड्रमवर तसंच लिहिलेलं असतं, आणि सुहासचा माल उचलणाऱ्या टेम्पोवाल्याला यावरून एकच विनोद रोज ऐकावा लागतो.)

नितीन पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघतो. तो म्हणाला, "पंप आहेत हे खरं, पण यात ताजी बातमी काय आहे? 1980 मध्ये लॉरा मॅकमरी आणि स्टुअर्ट लेव्ही यांच्या गटाने बोस्टनला दाखवून दिलं होतं की टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय जंतू ते औषध मोडत बसत नाहीत, सरळ बाहेर फेकतात. जंतुनाशकं फेकणारे पंप त्यानंतर सापडत गेले."

"पंप म्हणजे? मोटर बसवलीय काय आत?" विन्या.

"प्रोटीन रे. पेशीभोवती तेलकट पटल असतं ना, त्यात रुतून बसलेलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या जंतूमध्ये क्यूएसी-ए नावाचा पंप आहे, त्याची साखळी पटलातून 14 वेळा आरपार जाते. तोंड आधी आतल्या बाजूला उघडतं, रेणू धरतं, मग बाहेरच्या बाजूला उघडतं आणि सोडून देतं. ताकद येते प्रोटॉनमधून. पेशीबाहेर प्रोटॉन जास्त असतात, त्यांना आत घुसायचं असतं. ते आत येताना जंतुनाशक बाहेर ढकललं जातं."

इथे काका जागे झाले. काकांची नोकरी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्यांवर गेली, त्यामुळे 'पंप' शब्द ऐकून ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. "म्हणजे पावसात तुंबणारं आपलं हिंदमाताच की! अरे, पंप काय पाऊस थांबवतो? येतंय त्याहून जास्त उपसलं तर रस्ता दिसतो, नाहीतर नाही. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. त्या दिवशी कुठला पंप काय करणार होता?"

"काका, हेच मी याला सांगतोय," नितीन बोलला. "स्टॅफची वाढ रोखायला क्लोरहेक्सिडीन नावाचं जंतुनाशक लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. पंप असेल तर त्याच्या काही पट लागतं. काही पट, बस. आणि ऑपरेशनआधी डॉक्टर हात धुतात ते द्रावण असतं 4 टक्के. म्हणजे लिटरला 40,000 मिलिग्रॅम! तिथे पंपाचं काय चालणार? वर एवढ्या क्लोरहेक्सिडीनने पटलच फाटतं. पटल फाटलं की प्रोटॉनचा फरक संपला."

"वीज गेली," काका समाधानाने म्हणाले.

सुहासचा चेहरा पडला होता, पण त्याच्या मदतीला आली अंजू, तीही त्याला झोडपतच. ती एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. "नित्या, तुझे आकडे बाटलीतले. बाटलीतून लादीवर येईपर्यंत काय होतं ते आम्ही बघतो. बादलीत आधीचं साबणाचं पाणी उरलेलं असतं. साबण आणि बीकेसी एकमेकांना मारतात. सुती मॉप निम्मं केमिकल स्वतःच पितो. वर माप नाही, अंदाजे दोन बुचं. मग लादीला मिळतं किती? आणि सिंकच्या पाइपात? तिथे तर नुसतं धुवण पोचतं. तुझा पंप तिथे मजेत चालतो."

नितीनला हे मान्य करावं लागलं. माझ्या मते वाद इथेच अंजूच्या बाजूने निकाली निघाला होता. 'बाटलीत भरपूर आहे, काळजी नको' हे ऐकायला छान, पण जंतू बाटलीत राहत नाहीत. तेही पूर्ण खरं नाही म्हणा. बर्कहोल्डेरिया नावाची जमात पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्ये तग धरते, आणि तसल्या दूषित द्रावणातून रुग्णांना संसर्ग झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. रिकामी होत आलेली बाटली न धुता वरून भरत राहू नका असं अंजू ओरडत असते, ते यासाठी.

विन्याचा प्रश्न मात्र अडकून होता. "पण त्याला कळतं कसं, आत विष आलंय ते? डोकं तर नाही."

याचं उत्तर मला सगळ्या चर्चेत जास्त आवडलं. क्यूएसी-ए बनवणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी क्यूएसी-आर नावाचं दुसरं प्रोटीन ठाण मांडून बसलेलं असतं. ते आहे तोवर पंप बनत नाही. जंतुनाशकाचा रेणू आत शिरला की या प्रोटीनच्याच खोबणीत अडकतो, त्याचा आकार बदलतो, डीएनएवरची पकड सुटते आणि पंपाचं उत्पादन सुरू. म्हणजे वर्दी विषच देतं. खोबणी ऐसपैस असल्याने वेगवेगळ्या आकाराचे रेणू तिला चालतात. पंपाचंही तेच. त्याला नाव-गाव नको, रेणूवर धन भार आणि जोडीला तेलकट भाग दिसला की पुरे. त्याच्या जवळच्या भाऊबंदाला, क्यूएसी-बीला, क्लोरहेक्सिडीनसारखे दोन धन भारांचे रेणू नीट धरता येत नाहीत, कारण साखळीत 323 व्या जागी ऋण भाराचं अमिनो आम्ल नाही.

"पण क्लोरहेक्सिडीन तर माणसाने बनवलं, 1950 च्या दशकात," अंजू म्हणाली. "त्याआधी हे पंप काय उपसत होते?"

"असिनेटोबॅक्टर नावाच्या जंतूमध्ये एसीई-आय नावाचा पंप आहे," नितीन सांगू लागला. "2013 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी तो क्लोरहेक्सिडीन फेकतो असं दाखवलं. पंप मात्र जुना, क्लोरहेक्सिडीनच्या कितीतरी आधीचा. पुढे 2019 मध्ये दिसलं की तो पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिन बाहेर टाकतो. सडक्या मांसाला वास येतो ना, ते रेणू. हे जंतूच्या स्वतःच्या पेशीत बनतात, जास्त झाले की त्रास देतात. क्लोरहेक्सिडीन त्याला आयतं सापडलं."

सुहासला अजून त्याचा मुद्दा हवा होता. "बरं, पंप तर पंप. लादीवरच्या जंतूने फिनेल उपसलं, माझं काय गेलं?"

"ई. कोलायचा एसीआर-एबी-टॉल-सी नावाचा पंप ट्रायक्लोसान हे साबणातलं जंतुनाशक फेकतो, आणि तोच कितीतरी अँटिबायोटिक्सही फेकतो," नितीन म्हणाला. "त्यात तो रेणू ई. कोलायच्या आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पटलांच्या पार बाहेर नेऊन सोडतो. शिवाय क्यूएसी जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देतात त्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असतात, शेजारी अँटिबायोटिकला न जुमानणारी जनुकं. लादीवर बीकेसीने एक टिकवलं की दुसरं फुकट टिकतं."

ट्रायक्लोसान निघालं तशी विन्याने अमेरिकेची आठवण काढली. 2016 मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसानसकट 19 घटक हद्दपार केले, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नव्हतं. बीकेसीचा निर्णय तेव्हा पुढे ढकलला गेला. "बघ, माझा माल सुटला," सुहास लगेच.

"मग मी सगळीकडे हायपोच मारतो," त्याने पुढे जाहीर केलं. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. कल्पना अगदीच वेडगळ नाही. हायपो एका वेळी दिसेल ते जाळत सुटतं, अल्कोहोल प्रोटीनच विस्कटतं. हे पंपाने उपसण्याजोगं विष नव्हे.

"मार," अंजू म्हणाली, "पण लादीवर घाण असेल तर हायपो घाणीतच खर्ची पडतं, आधी पुसून घ्यावं लागेल. स्टीलला गंज चढेल. आणि तुझी पोरं संडासात ॲसिडच्या वरून हायपो ओततात का ते आधी बघ. क्लोरीन वायू निघतो, खोकून खोकून बेजार होतील."

सुहासने फोन काढला. पलीकडे सुपरवायझर असावा. "ऐक, त्या बुचात किती मिली बसतं रे?... अरे मोजून सांग ना!"