स्कूटरवर मागे बसून बोलली

‘मुलांनी न घाबरता बोलावं’ असं मुलांच्या लैंगिक छळावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. बरोबर आहे, पण ऐकणार कोण? माझी तेरा वर्षांची मुलगी पोहायला जायची. महिनाभर रोज कॉस्च्यूम ‘विसरायची’ आणि मी तिलाच वेंधळी म्हणून ओरडायचे. शेवटी दांडिया बाजारातून घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, ‘आई, सगळे गेले की सर मला एकटीलाच थांबवतात, पाठ चोळून देतात.’ माझं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बोलली असावी.

तलावाच्या समितीतल्या काकांकडे गेले तर म्हणे, ‘ताई, सरांनी किती मुलं स्टेटला नेलीत, जरा सबुरीनं घ्या.’ वडोदऱ्यातला आपलाच मराठी माणूस! २०१२च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९प्रमाणे असं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे काकांच्या गावीही नव्हतं. (मलाही नंतरच कळलं.)

१०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा चाइल्डलाइनचा नंबर फुकट लागतो, मूल स्वतःही लावू शकतं. तो कपडे बदलायच्या खोलीत चिकटवा. ऑफिसात ट्रॉफीच्या कपाटाशेजारी नको, तिथे सरच बसलेले असतात.